पिकअपला प्रेशर हॉर्न बसवताय? खर्च करण्याआधी वायरिंग, नियम आणि धोका समजून घ्या

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की दिंडोरी, निफाड, चांदवड तालुक्यांतल्या रस्त्यांवर क्रेटने भरलेल्या पिकअप पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे धावायला लागतात. प्रत्येकाला लिलावाची वेळ गाठायची असते. पुढं उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रमतगमत चाललेला असतो. मागून कितीही हॉर्न मारा, त्याला ऐकूच जात नाही. मग गॅरेजवर कुणीतरी सल्ला देतं, "प्रेशर हॉर्न टाकून घे, एका दाबात रस्ता मोकळा."

हॉर्न बसवायला तासभर पुरतो. पण त्या तासाभराच्या कामात गाडीचं वायरिंग, पासिंग, चालकाचं लायसन्स आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा जीव असं बरंच काही गुंतलेलं असतं. म्हणून हा हॉर्न चालतो कसा, नियम काय सांगतो आणि ऐकू जाईल असा हॉर्न नियमात राहून कसा मिळवायचा, ते सविस्तर पाहू.

प्रेशर हॉर्न म्हणजे नेमकं काय?

कंपनीकडून पिकअपला जो हॉर्न येतो तो विजेवर चालतो. गोल डबीत तारेचं वेटोळं आणि पातळ पत्र्याचा पडदा असतो. बटण दाबलं की पडदा सेकंदाला चारशे-पाचशे वेळा थरथरतो आणि आवाज निघतो.

प्रेशर हॉर्नमध्ये हे काम दाबाची हवा करते. छोटा कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती नळीतून कर्ण्याच्या मागच्या पडद्यावर जाते, पडदा थरथरतो आणि लांब कर्णा तो आवाज मोठा करून बाहेर फेकतो. कर्णा लांब असेल तर आवाज जाड, आखूड असेल तर बारीक. दोन-तीन कर्णे आणि आळीपाळीनं हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावला की गाण्याच्या चालीवर वाजणारा म्युझिकल हॉर्न तयार होतो. काही किटमध्ये हवेची छोटी टाकीही असते.

ट्रकला हवा आहे, पिकअपला नाही

"ट्रकला चालतो, मग आपल्याला का नाही?" हा प्रश्न हमखास निघतो. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. त्यामुळे इंजिनावर कॉम्प्रेसर आणि चेसिसला हवेच्या टाक्या आधीच असतात. हॉर्नला लागणारी हवा तिथं तयार मिळते. तिथंही ब्रेकच्या टाकीला परस्पर भोक पाडून हॉर्नची नळी जोडणं धोक्याचंच. ती नळी फुटली किंवा निसटली तर ब्रेकचा दाब उतरतो.

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त यांसारख्या गाड्यांचे ब्रेक तेलावर म्हणजे हायड्रॉलिक असतात. गाडीत दाबाची हवा कुठंच नसते. म्हणून बाजारातल्या किटमध्ये विजेवर चालणारा वेगळा कॉम्प्रेसर येतो आणि त्याचा सगळा भार बॅटरीवर पडतो. आणखी एक फरक आहे. पिकअप १२ व्होल्टवर चालते, मोठा ट्रक बहुतेक २४ व्होल्टवर. भंगारातून आणलेला ट्रकचा २४ व्होल्टचा व्हॉल्व्ह पिकअपला लावला तर तो नीट उघडत नाही. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर ट्रकला लावला तर जळतो.

वायरिंग जळतं ते इथं

कंपनीचा एक हॉर्न साधारण ४ ते ५ अँपिअर करंट ओढतो. कॉम्प्रेसर मात्र १५ ते २० अँपिअरपर्यंत जातो. म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास २०० वॅट किंवा त्याहून जास्त. हॉर्नच्या मूळ तारा, फ्यूज आणि रिले इतक्या भारासाठी बनवलेले नसतात.

काही ठिकाणी घाईत जुन्या हॉर्नची पिन काढून तीच कॉम्प्रेसरला जोडली जाते. मग फ्यूज उडायला लागतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून जास्त अँपिअरचा टाकतात, नाहीतर तांब्याची तार गुंडाळतात. खरी आग इथं लागते. फ्यूजचं कामच आधी जळून तार वाचवणं हे आहे. तोच बंद केला तर आतली तार तापते, तिचं प्लास्टिक वितळतं आणि शेजारच्या तारांना चिकटतं. बॉनेटखाली डिझेलची नळी आणि तेलकट धूळ असतेच.

गाडीला कोणतंही जादा विजेचं सामान लावायचं असेल, अगदी नियमात बसणारी हॉर्नची जोडी असली तरी, वायरमनकडून इतक्या गोष्टी करून घ्याव्यात:

- बॅटरीपासून थेट वेगळी, पुरेशी जाड तार. तारेला बॅटरीजवळच योग्य अँपिअरचा फ्यूज.
- मध्ये रिले. स्टेअरिंगवरचं बटण फक्त रिलेला इशारा देतं (८५ आणि ८६ नंबरच्या पिना), जड करंट रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या पिनांतून जातो. त्यामुळे बटण आणि स्टेअरिंगची पट्टी जळत नाही.
- अर्थिंग रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर, घट्ट बोल्टनं.
- तार रेडिएटर, सायलेन्सर आणि पत्र्याच्या धारेपासून लांब. वरून संरक्षक नळी.

डेसिबलचं साधं गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण हे माप किलो-लिटरसारखं सरळ नाही. १० डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. २० वाढले की ऊर्जा शंभरपट.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं कमी होतो. समजा, एखादा हॉर्न २ मीटरवर १३० डेसिबल देतो. मग ४ मीटरवर १२४, ८ मीटरवर ११८ आणि १६ मीटरवर ११२. म्हणजे पन्नासेक फुटांवर चाललेल्या बैलगाडीच्या बैलांनाही तो ११२ डेसिबलनं ऐकू येतो. १२० च्या आसपास माणसाच्या कानाला त्रास आणि वेदना व्हायला लागतात.

खोक्यावरच्या आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. "३०० डीबी" असं छापलेले हॉर्न ऑनलाइन सर्रास विकले जातात. हवेत ध्वनिलहरीची कमाल मर्यादाच साधारण १९४ डेसिबल आहे. म्हणजे ३०० चा आकडा शुद्ध थाप झाली.

कानाचं नुकसान एका दिवसात कळत नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त १५ मिनिटं. खिडकी उघडी ठेवून दिवसभर असा हॉर्न वाजवणाऱ्या चालकाचे कान त्याच्याच हॉर्ननं जातात. कानात सतत शीळ ऐकू येणं, गर्दीत समोरच्याचं बोलणं न उमगणं ही सुरुवातीची लक्षणं आहेत. आतल्या कानातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

बैल बुजतात, दुचाकी हलते

आपल्याकडच्या रस्त्यावर फक्त गाड्या नसतात. बैलगाडी, शेळ्या-मेंढ्यांचा कळप, सायकलवरची शाळेची मुलं, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाया, सगळे त्याच डांबरावरून चालतात.

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे उंच स्वर ऐकू येतात, गुरांना ३५ हजारांपर्यंत. आपल्याला नुसता कर्कश वाटणारा आवाज जनावराला जास्त झोंबतो. मागून अचानक असा हॉर्न वाजला की बैल बाजूला होत नाहीत, बुजतात. कुठल्या दिशेला ओढतील याचा नेम नसतो. उसानं भरलेली गाडी असेल तर गाडीवानाच्या हातात कासरा असून नसल्यासारखाच. दूध काढताना गाय दचकली तर पान्हा चोरते, कारण भीतीनं शरीरात अॅड्रेनलिन वाढतं आणि पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. रस्त्यालगतच्या पोल्ट्रीत घाबरलेल्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात.

दुचाकीवाल्याचंही तसंच. कानाशी दणका बसला की माणूस आधी दचकतो, मग मागं वळून पाहतो. मान वळली की हँडलही थोडं वळतं. ज्याला बाजूला करायला हॉर्न मारला, तोच गाडीच्या पुढ्यात येतो.

आणखी एक हिशेब चालकानं मनात ठेवावा. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. हॉर्न दाबून "होईल बाजूला" म्हणत काढलेला प्रत्येक सेकंद म्हणजे ब्रेक न लावता तोडलेलं इतकं अंतर. भरलेली पिकअप थांबायला रिकाम्या गाडीपेक्षा जास्त जागा घेते. मोठा हॉर्न लावला की चालकाचा पाय ब्रेककडे उशिरा जायला लागतो, ही सवय सगळ्यात घातक.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ हॉर्नविषयी आहे. त्यानुसार वाहनाला भारतीय मानक आयएस १८८४ प्रमाणे विजेचा हॉर्न किंवा त्या मानकात बसणारं साधन हवं. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही. अकारण कर्कश, कर्णभेदी, फार मोठा किंवा घाबरवणारा आवाज करणारं कोणतंही साधन चालत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांसारख्या वाहनांना वेगळी सूट आहे.

म्हणजे हॉर्न हवेवर चालतो एवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाही. मापाबाहेरचा, कर्कश आणि बहुसुरी असला की ठरतो. वाहनावर बसवलेल्या हॉर्नचा आवाज पुढून ७ मीटर अंतरावर मोजतात आणि तो ९३ ते ११२ डेसिबलच्या दरम्यान असावा लागतो. बाजारातले बहुतेक प्रेशर हॉर्न विकले जातात तेच या मर्यादेपेक्षा मोठा आवाज करतात म्हणून.

कारवाई कोणकोणत्या कलमाखाली होऊ शकते, ते असं:

- कलम १९०(२): रस्ता सुरक्षा आणि आवाजाचं मानक मोडणारं वाहन चालवणं किंवा चालवू देणं. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. "चालवू देणं" या शब्दांमुळे चालकाबरोबर मालकही यात येतो.
- कलम १८२अ(४): परवानगी नसलेला बदल वाहनात करणं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.
- कलम १९४फ: विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवणं, किंवा "हॉर्न वाजवू नका" असा फलक असलेल्या ठिकाणी वाजवणं. पहिल्यांदा १ हजार, पुन्हा सापडल्यास २ हजार रुपये. हे कलम कंपनीच्या हॉर्नलाही लागू आहे.

रस्त्यावर जागेवरच मिटवायची तडजोड रक्कम राज्य सरकार ठरवतं. त्यामुळे चलनावरचा आकडा वरच्या कमाल आकड्यापेक्षा कमी दिसू शकतो.

यापलीकडे ध्वनी प्रदूषण नियम २००० आहेत. दवाखाने, शाळा-कॉलेज आणि न्यायालयांभोवतीच्या १०० मीटरपर्यंतच्या परिसराला शांतता क्षेत्र म्हणतात. तिथं हॉर्नला मनाई आहे. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतही आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या हॉर्नबाबत हेच सांगितलं आहे. गावठाणातून पहाटे चारला हॉर्न मारत जाणारी दुधाची गाडीही या नियमातून सुटत नाही.

पासिंगच्या वेळी हॉर्न तपासला जातो. काहीजण त्या दिवशी प्रेशर हॉर्न काढून ठेवतात आणि परत बसवतात. पण अपघात झाला की गाडी जशी असेल तशीच पंचनाम्यात येते. वायरिंगमधून आग लागली आणि विमा कंपनीला कळवलेलं नसलेलं जादा सामान सापडलं, तर क्लेमवर वाद उभा राहू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेल्या तारांमुळे विजेच्या कामाची वॉरंटीही अडते.

घाटात आणि अंधारात काय करावं?

सप्तशृंगगडाचा घाट असो, नाहीतर पेठ रस्त्यावरचा सावळघाट आणि कोटंबी घाट, आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावाच लागतो. तिथं तो गरजेचा आहे, नियमातही बसतो. वळणाआधी एक-दोन छोटे हॉर्न, वेग कमी आणि गाडी आपल्या बाजूला, एवढं पुरतं. रात्री डिपर जास्त उपयोगी पडतो, कारण प्रकाश वळणाच्या खडकावर आधी दिसतो. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे. भरलेली गाडी चढावर थांबली तर परत उचलणं अवघड जातं.

पुढच्या ट्रॅक्टरवर टेप जोरात वाजत असेल तर तुमचा हॉर्न कितीही मोठा असो, चालकाला दिशा कळत नाही. अशा वेळी अंतर ठेवून डिपर द्यावा, आरशात आपण दिसू अशा जागी यावं आणि त्यानं हात केल्यावरच ओव्हरटेक करावं.

कंपनीच्या हॉर्नचा आवाज कमी झालाय? आधी हे करा

पुष्कळदा प्रेशर हॉर्नची गरज वाटते ती मूळ हॉर्न मरगळलेला असतो म्हणून. चिखल, पाणी आणि गंज यांनी त्याचा आवाज बसलेला असतो. दुरुस्ती स्वस्तात होते.

१. हॉर्न काढून बॅटरीवर थेट जोडून पाहा. तिथं खणखणीत वाजला तर हॉर्न चांगला आहे, दोष तारेत किंवा रिलेत.

२. इंजिन चालू ठेवून, हॉर्न दाबून हॉर्नच्या पिनांवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट आणि हॉर्नवर दहा-अकराच मिळत असतील तर मधली तार, पिन किंवा अर्थिंग खराब आहे.

३. अर्थिंगचा बोल्ट उघडून पत्रा खरवडून परत आवळा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

४. हॉर्नचं तोंड पुढं आणि किंचित खाली असावं. वर असेल तर धुताना आणि पावसात पाणी साचतं.

५. मागच्या बाजूला जुळवणीचा स्क्रू असेल तर वायरमनकडून पाव-पाव आटा फिरवून आवाज लावून घ्या.

६. गाडीला एकच हॉर्न असेल तर मानकात बसणारी जाड-बारीक स्वरांची जोडी रिलेसह बसवून घ्या. दोन स्वर एकाच वेळी वाजतात, आवाज भरदार होतो आणि दूरवर ओळखू येतो. घेताना आयएस १८८४ चा उल्लेख पाहा आणि पक्कं बिल घ्या.

आधीच बसवला असेल तर?

नुसती नळी काढून ठेवू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. मग कॉम्प्रेसर, कर्णे आणि त्यांची पूर्ण वायर बॅटरीपासून काढून घ्या. लोंबणारं टोक टेप मारून सोडलं तर पुढं ते कुठंतरी पत्र्याला टेकतं. मूळ हॉर्नची पिन परत जोडा, फ्यूज कंपनीनं दिलेल्याच अँपिअरचा टाका आणि कापलेल्या तारा नीट जोडून घ्या. पत्र्याला पाडलेली भोकं बंद करा, नाहीतर तिथून गंज धरतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दुकानात उघड विकतात, मग लावायला हरकत काय?*
दुकानात मिळणं ही परवानगी नाही. रस्त्यावर गाडी आणली की जबाबदारी चालक आणि मालकाची.

*बसवून ठेवला, पण वाजवत नाही. तरी कारवाई होते का?*
होऊ शकते. नियम ११९ नुसार असं साधन वाहनाला बसवायलाच मनाई आहे.

*ट्रॅक्टरला नियम लागू आहे का?*
हो. शेतीच्या ट्रॅक्टरलाही हॉर्नचा नियम आहे.

*बासरी-तबल्याच्या आवाजाचे हॉर्न येणार होते ना?*
ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकच्या कार्यक्रमात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी भारतीय वाद्यांच्या आवाजाचे हॉर्न आणण्याचा विचार बोलून दाखवला होता. ते वक्तव्य होतं. त्याच्या आधारावर म्युझिकल हॉर्न बसवता येत नाही.

*गाडी भाड्यानं दिली आणि चालकानं परस्पर हॉर्न बसवला, तर?*
नोंदणी मालकाच्या नावावर असल्यानं चौकशी आधी त्याच्याकडेच येते. गाडी परत घेताना बॉनेट उघडून एकदा पाहून घ्यावं आणि असं काही दिसलं तर त्याच दिवशी काढून टाकावं.